हक्कसोडपत्र आणि ब्रुकलिनमधलं शेतघर

गेल्या महिन्यात धाकट्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन पानांचा मसुदा पाठवला. मथळा होता, ‘हक्कसोडपत्र’. सोबत निरोप: “ताई, घाई नाही. पण वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करून घे, म्हणजे आईच्या डोळ्यांदेखत सगळं मार्गी लागेल.”

सातारा जिल्ह्यात आमची साडेचार एकर बागायत आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, मी आणि भाऊ अशी तिघांची वारसनोंद झाली. मी सही करायला थोडा वेळ मागितला, तर चुलत भावंडांच्या ग्रुपवर लगेच वाद पेटला. तिला तिकडे डॉलर आहेत, जमीन कशाला हवी? लग्नात दिलं नव्हतं का? तुकडे पडतील. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, “माहेर तोडायचंय का?” गावाकडच्या बायकांना हे काही नवं नाही. माझ्या आत्याने असाच अंगठा दिला होता, रक्षाबंधनाच्या आदल्या आठवड्यात.

तो वाद डोक्यात घेऊन एका शनिवारी मी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या वायकॉफ हाउसला, जुन्या डच शेतघराच्या संग्रहालयाला, गेले. माझ्या घरापासून बसने अर्धा तास. क्लॅरेंडन रोड आणि राल्फ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, गॅरेजांच्या आणि रहदारीच्या मधोमध, एक बुटकं लाकडी घर उभं आहे. उतरतं छप्पर टोकाला बाहेर वळलेलं, दारं आडवी दोन भागांत कापलेली. खालचा भाग बंद ठेवायचा म्हणजे जनावरं आत येत नाहीत, वरचा उघडा ठेवायचा म्हणजे उजेड आणि वारा येतो. गोठ्याला लागून घर असलेल्या माणसाला या दाराची अक्कल समजावून सांगावी लागत नाही. घराचा सर्वांत जुना भाग १६५२च्या सुमाराचा, म्हणजे शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्याच्याही आधीचा. १९६५ साली न्यूयॉर्क शहराने वारसावास्तू जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या यादीत हे घर होतं.

घर पीटर क्लासेनचं. क्लासेन हे आडनाव नव्हे. ‘क्लासचा मुलगा’ एवढाच त्याचा अर्थ, आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसं. जन्म नॉर्डनचा, जे आज जर्मनीत आहे. १६३७ साली पोरवयात डच वसाहतीत आला तो करारावरचा मजूर म्हणून, हडसन नदीकाठच्या रेन्सेलर्सवाइक या मोठ्या जहागिरीत. सालगड्यासारखी वर्षं काढली. अक्षरओळख नव्हती, कागदावर सहीऐवजी खूण करायचा. करार संपल्यावर स्वतःची शेती धरली, ग्रीत्ये फान नेस हिच्याशी लग्न केलं, आणि १६४९च्या सुमारास दोघं लाँग आयलंडवर, म्हणजे आजचं ब्रुकलिन ज्या बेटावर आहे तिथे, आली. १६५५ साली त्याने गव्हर्नर पीटर स्टायव्हसंटच्या तिथल्या शेताची आणि गुरांची देखरेख घेतली. पुढे गावाचा न्यायाधीशही झाला. ११ मुलं. १६६४ साली इंग्रजांनी वसाहत घेतली आणि कायमचं आडनाव लावणं भाग पडलं, तेव्हा त्याने ‘वायकॉफ’ घेतलं.

मला त्या घरात थांबवलं ते ग्रीत्येच्या नावाने. लग्नानंतरही ती फान नेसच राहिली. त्या काळच्या डच बायका कागदोपत्री माहेरचंच नाव लावत. आणि नावापाठोपाठ हक्क होता. डच रिवाजात लग्न झालं की नवरा-बायकोची मिळकत सामाईक. एकजण गेला की अर्धी मिळकत मागे राहिलेल्याची, उरलेली अर्धी सगळ्या मुलांना सारखी, मुलगा असो की मुलगी. नवरा-बायको एकत्र मृत्युपत्र करायची, आणि बऱ्याचदा त्यात लिहिलेलं असायचं की जो मागे राहील त्याच्या हाती सगळा कारभार. म्हणजे विधवेच्याही.

जमिनीचे तुकडे पडतील ही भीती त्यांनाही होती. त्यावरचा तोडगा साधा होता. शेत कसणाऱ्या एका मुलाने जमीन ठेवायची आणि भावाबहिणींना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे. मला हे वाचून आमच्या ग्रुपवरचा वाद आठवला. तुकडेबंदी आपल्याकडे १९४७पासून आहे, पण तिचा आधार घेऊन बहिणीचा वाटा शून्य करा असं तो कायदा कुठेही सांगत नाही. जमीन एकत्र ठेवणं आणि बहिणीला काहीच न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या मुद्दाम एक करतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, तिकडचं सगळं छान. तसं नाही, आणि मला ते लपवायचंही नाही. ती जमीन लेनापी या तिथल्या मूळ रहिवाशांची होती. डचांनी ती खरेदी केल्याचा कागद आहे, पण जमीन कायमची विकायची असते ही कल्पनाच ज्यांची नव्हती त्यांच्याशी झालेला तो व्यवहार होता. पुढच्या पिढ्यांत वायकॉफांच्या घरी गुलाम होते, आजूबाजूच्या डच शेतकऱ्यांकडेही. १७९०च्या शिरगणतीत या किंग्ज काउंटीची, म्हणजे आजच्या ब्रुकलिनची, जवळपास एक तृतीयांश वस्ती गुलामीत होती. मुलींच्या समान वाट्याची गोष्ट सांगताना त्या शेतात राबणाऱ्या काळ्या बाईच्या वाट्याला काय होतं हे विसरलं तर गोष्ट खोटी होते. आमच्या उसाला कोयता लावायला बीडहून टोळी येते, त्यातल्या बायांचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे, हेही मला तिथेच उभं राहून आठवलं.

आणि तो डच रिवाज टिकलाही नाही. १६६४च्या शरणागतीच्या करारात स्वच्छ कलम होतं की डचांना वारशाबाबत आपले रिवाज पाळता येतील. लेखी हमी, विजेत्याची. तरी पुढच्या शंभर वर्षांत इंग्लिश कायदा घराघरात शिरला. त्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात आणि मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे. डच घरांतही एकत्र मृत्युपत्रं कमी होत गेली. जमीन मुलांना, मुलींना पैसे किंवा भांडीकुंडी. विवाहित बाईची मिळकत तिच्याच नावावर राहील असा कायदा न्यूयॉर्क राज्याने केला तो १८४८ साली. पणजीला जे सहज होतं ते पणतीच्या पणतीला लढून परत मिळवावं लागलं.

आपल्याकडे उलटं चाललंय. कागद पुढे गेलाय, रिवाज मागे. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क १९९४ साली दिला, केंद्राच्या ११ वर्षं आधी. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित आहे. त्याच्या कितीतरी आधी शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली. आपल्या मातीत हे झालेलं आहे. मग हक्कसोडपत्राच्या रांगेत बहिणीच का उभ्या दिसतात? एखाद्या भावाने बहिणीच्या नावे हक्कसोड केल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

भाऊ वाईट नाही. रात्री दोनला वीज येते तेव्हा बॅटरी घेऊन मोटर चालू करायला तोच जातो. आईचं औषधपाणी तोच बघतो. त्या कष्टाची किंमत वाटणीत धरलीच पाहिजे, आणि ती माझ्या वाट्यातून धरली तरी माझी तक्रार नाही. पण कष्टाचा हिशोब करणं वेगळं आणि मी या घरात जन्मलेच नव्हते असं लिहून देणं वेगळं.

रविवारी सकाळी, त्याच्या संध्याकाळी, मी त्याला फोन केला. म्हटलं, सगळी जमीन तूच कस, विकायची नाही, तुकडाही पाडायचा नाही. आईचं नाव तिच्या हयातीत कुणी काढायचं नाही. माझा वाटा ठरवू, तुझे कष्ट त्यातून वजा करू, उरेल ते जमेल तसं, दहा वर्षांनी दे. आणि आत्याला बोलावून विचार, तिला काय वाटतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आत्याला कशाला?”

मी म्हटलं, “तिला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं म्हणून.”