प्रोसेसरचा ताप बघायला एवढा मनस्ताप?

मे महिना, नागपूर, दुपारचे तीन. कूलर चालू असूनही भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा ३७ वर. आणि समोर स्क्रीनवर एक फुकट सॉफ्टवेअर मोठ्या हिरव्या आकड्यात सांगतंय की माझ्या संगणकाच्या प्रोसेसरचं, म्हणजे त्याच्या मेंदूचं, तापमान २८ अंश आहे, सगळं उत्तम चाललंय.

खोलीत ३७ आणि प्रोसेसर २८! पंख्याच्या वाऱ्यानं थंड होणारी वस्तू त्या वाऱ्यापेक्षा गार होईल कशी? चौथीतलं पोरगंसुद्धा सांगेल की हे शक्य नाही. पण हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं हा आकडा खरा आहे की खोटा हे तपासायचे कष्ट घेतले नाहीत, बिनदिक्कत लोकांच्या गळ्यात मारलं.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. मे म्हणजे आमचा ऐन सीझन. चाळीस मिनिटांत निघणारा व्हिडिओ त्या आठवड्यात तीन-तीन तास घ्यायला लागला. वधूच्या वडिलांचे दिवसातून चार फोन. पंखा विमानासारखा घोंघावतोय, कॅबिनेटला हात लावला तर चटका बसतोय. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर मशीन न बघताच म्हणाला, "ताई, बोर्ड गेला तुमचा. नवाच टाका, अकरा हजारात बसवून देतो." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर आणि बाकी सगळं बसतं ती मुख्य पाटी. अकरा हजार! म्हटलं, आधी निदान तापमान तरी बघू. माणसाला ताप आला तर आपण आधी थर्मामीटर लावतो, लगेच ऑपरेशनच्या टेबलावर नाही घेत.

तिथून जे सुरू झालं त्यात माझे तीन दिवस गेले.

तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर, 'फ्री' म्हणून सर्च केलं की पहिली पाच-सहा पानं सगळी सारखीच. पान उघडायचं, तर त्यावर तीन हिरवी 'डाऊनलोड' बटणं. त्यातलं खरं कुठलं? सगळ्यात लहान, सगळ्यात खाली असलेलं, निळ्या अक्षरांतलं. बाकी दोन्ही जाहिराती. मी घाईत होते, मोठं दाबलं. इन्स्टॉल करताना पाच खिडक्या आल्या. तिसऱ्या खिडकीत 'स्वीकारा' ठळक हिरव्यात आणि 'नाकारा' पांढऱ्यावर फिकट राखाडी, एवढं बारीक की चष्मा लावूनही दिसू नये. चौथ्या खिडकीत दोन चौकटींत आधीपासूनच टिकमार्क. ते काढायला 'कस्टम' उघडावं लागतं, आणि ते बटण असं रंगवलेलं की बंदच आहे असं वाटावं. हे चुकून होत नाही. कुणीतरी खुर्चीत बसून, ठरवून, बाईमाणसं, म्हातारी माणसं, घाईतली माणसं कुठं फसतील ते बघून ही खिडकी बनवली आहे. याला मी सरळ फसवणूक म्हणते.

परिणाम काय, तर ब्राउझरचं पहिलं पान बदललं, कोपऱ्यात कुठल्याशा अँटिव्हायरसची ट्रायल येऊन बसली, आणि 'ड्रायव्हर अपडेट' (ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि मशीनचे भाग यांना जोडणारा प्रोग्राम) करणारं एक भूत मशीन सुरू केलं की आपोआप उठायला लागलं. त्यानं लाल अक्षरात सांगितलं, ११८ समस्या सापडल्या, दुरुस्त करायला पैसे भरा. मला एक आकडा हवा होता. फक्त एक आकडा! त्यासाठी आधीच तापलेल्या मशीनवर आणखी तीन कामं लादली या लोकांनी.

आणि एवढं करून दिसलं काय, तर ते २८. रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायचं काम, लावा, २८. रेंडर थांबवा, २८. मग लक्षात आलं की हा आकडा हलतच नाही. भाचा या क्षेत्रात आहे, त्याला रात्री फोन केला. तो म्हणाला, "मावशी, ते प्रोसेसरचं तापमानच नाही. विंडोजमध्ये 'थर्मल झोन' नावाची एक जागा असते, ती वाचायला सोपी असते. पुष्कळ मदरबोर्डवर तिथं एक ठरलेला आकडा भरून ठेवलेला असतो. आळशी सॉफ्टवेअर तोच उचलतात." म्हणजे भिंतीवर रंगवलेलं घड्याळ! हजारो लोक ते बघून निश्चिंत बसत असतील आणि आत मशीन भाजून निघत असेल.

दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात पन्नासभर ओळी आणि एका ओळीत लाल रंगात १२७ अंश. माझ्या काळजाचा ठोकाच चुकला, तडक प्लग काढला. पुन्हा भाच्याला फोन. तर म्हणे मदरबोर्डवरच्या सेन्सर चिपला तापमान मोजायच्या तीन-चार जागा असतात, सगळ्या जागांना सेन्सर जोडलेला असतोच असं नाही. रिकाम्या जागेतून काहीही आकडा येतो, आणि १२७ म्हणजे त्या खान्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा. अरे, मग दाखवता कशाला? ज्या जागेला काही जोडलेलंच नाही ती जागा लाल रंगात डोळ्यांत खुपसायची कशासाठी? ओळीचं नाव काय, तर 'ऑक्सटिन'. सांगा, कुठल्या सामान्य माणसाला यातून काय बोध व्हावा?

इथं कुणी म्हणेल, बाई, तुला चांगली सॉफ्टवेअर माहीत नव्हती. बरोबर, नव्हती. आता आहेत. एचडब्ल्यूइन्फो आहे, कोअर टेम्प आहे, लिब्रे हार्डवेअर मॉनिटर आहे. ही खरी आहेत, प्रोसेसरच्या आतला आकडा आणतात. एचडब्ल्यूइन्फो उघडताना 'सेन्सर्स-ओन्ली'वर टिक केली की थेट आकडे येतात. ओळी शंभराच्या वर, पण त्यात 'थर्मल थ्रॉटलिंग' नावाची ओळ शोधा. तिथं 'येस' असेल तर प्रोसेसर तापून स्वतःच स्वतःचा वेग मारतोय हे नक्की. मला ती ओळ तिसऱ्या दिवशी सापडली. २.९ गिगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर रेंडर लावल्याबरोबर ९९ अंशांवर जाऊन १.४ वर आपटत होता. व्हिडिओ तीन तास का घेतोय ते एका ओळीत कळलं. ही ओळ पहिल्या दिवशी, पहिल्या पानावर का सापडली नाही?

पण या चांगल्यांमध्येही फुकट म्हणजे नक्की काय ते नीट वाचा. एचडब्ल्यूइन्फो आणि कोअर टेम्प घरगुती वापरासाठी फुकट आहेत, धंद्यासाठी परवाना वेगळा. यात त्यांची चूक नाही, मेहनत त्यांची आहे, पैसे मागायचा हक्कही त्यांचा आहे. चीड येते ती 'टॉप टेन फ्री' याद्या करणाऱ्यांची, जे हे एका शब्दानं सांगत नाहीत. लग्नाचे व्हिडिओ करणारी बाई, दोन संगणकांचं डीटीपी चालवणारा माणूस, सायबर कॅफेवाला, आम्ही सगळे धंदाच करतो. लिब्रे हार्डवेअर मॉनिटर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, त्याला ही अट नाही. आमच्यासारख्यांसाठी यादीत पहिलं नाव ते हवं होतं.

आणि तिथंही वाट सरळ नाही. प्रोसेसरच्या आतलं तापमान साध्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, त्याला विंडोजच्या गाभ्यात शिरणारा ड्रायव्हर लागतो. वर्षानुवर्षं यातली बरीच फुकट सॉफ्टवेअर 'विनरिंगझिरो' नावाचा एकच जुना ड्रायव्हर वापरत आली. त्यात धोकादायक भोक आहे हे २०२० पासून नोंदलेलं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये विंडोज डिफेंडरनं तो ड्रायव्हर धोकादायक म्हणून पकडायला सुरुवात केली आणि लोकांची चालती सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद पडली. लिब्रेवाल्यांनी पुढं 'पॉनआयओ' नावाचा दुसरा ड्रायव्हर घेतला. ही माणसं आपला वेळ घालून, पगाराशिवाय हे काम करतात आणि शिव्याही तेच खातात. मग सामान्य माणसानं करायचं काय? तापमान बघायचं असेल तर अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली द्यायची, नाहीतर आंधळं राहायचं?

माझा खरा राग इथं आहे. सेन्सर प्रोसेसरच्या आत कारखान्यातूनच बसवून येतो. त्याचे पैसे मी भरलेत. इंटेलच्या प्रोसेसरमधला प्रत्येक कोअर, म्हणजे काम करणारा एकेक भाग, आपण कमाल मर्यादेपासून किती अंश दूर आहोत हे सतत मोजत असतो, आणि त्यावरूनच पंख्याचा वेग ठरतो, त्यावरूनच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे मशीनला सगळं ठाऊक आहे. फक्त मला, मालकिणीला, दाखवायचं नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनवर काय चाललंय ते दाखवणाऱ्या खिडकीत, २०२० पासून वेगळ्या ग्राफिक कार्डाचं तापमान दिसतं. म्हणजे दाखवता येतं. मग त्याच खिडकीत प्रोसेसरसमोर ती जागा कोरी का?

भाच्यानं मला एक पेन ड्राइव्ह करून दिला होता, लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा. इन्स्टॉल काही नाही, त्यावरूनच मशीन सुरू करायचं. काळ्या खिडकीत त्यानं सांगितलेली एक ओळ टाइप केली. एक फाईल उघडली, तिच्यात एकच आकडा, ७१०००. हजारानं भागायचं, ७१ अंश. काही काम न करता, नुसतं बसून ७१. ना जाहिरात, ना टिकमार्क, ना कुणाचा परका ड्रायव्हर. लिनक्सचा गाभा स्वतःच सेन्सर वाचतो आणि आकडा फाईलमध्ये ठेवतो. जगभरच्या लोकांनी मिळून केलेल्या गोष्टीत हे इतकं साधं होऊ शकतं, तर ज्यांचे पैसे आम्ही मशीनच्या किमतीतच भरतो त्यांना काय धाड भरलीय?

अजून एक सांगते. या सगळ्या लेखांमध्ये लिहिलेलं असतं, रिकामं बसलेलं असताना तापमान ३० ते ४० असावं, नाहीतर मशीनमध्ये बिघाड आहे. कुठल्या खोलीत? हे लिहिणाऱ्यांच्या खोल्या वीस-बावीस अंशांच्या असतात. विदर्भात मे महिन्यात खोलीच ३७-३८ असते, तिथं ४० कुठून यायला? बाहेर ४५ असताना माणसं ते कोष्टक बघून घाबरतात आणि दुकानदार त्या भीतीवर नवा बोर्ड विकतो. खोलीचं तापमान आधी लिहा आणि प्रोसेसर त्याच्या किती वर आहे ते सांगा, एवढी साधी गोष्ट एकाही यादीत मला मिळाली नाही.

शेवटी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसलेला असतो. त्यातली एक खुंटी निसटून वर आली होती, आणि पंख्याखालच्या पट्ट्यांत दोन वर्षांची धूळ नमद्यासारखी बसलेली. खालची, प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांकडे नेणारी पेस्ट खडूसारखी कोरडी. ब्रशनं धूळ काढली, अडीचशे रुपयांची नवी पेस्ट लावली, चारही खुंट्या कट्‌ आवाज येईपर्यंत दाबल्या. रेंडर लावला, ७६. व्हिडिओ चाळीस मिनिटांत बाहेर. बोर्ड ठणठणीत आहे.

अडीचशे रुपयांचं काम अकरा हजारांत जाणार होतं, कारण एक आकडा मला कुणी सरळ दाखवला नाही. आत्ताही टास्क मॅनेजर उघडाच आहे समोर. ग्राफिक कार्डाखाली ५४ अंश लिहिलंय. वर प्रोसेसरच्या नावासमोर टक्के आहेत, गिगाहर्ट्झ आहेत, मशीन किती तास चालू आहे तेही आहे. तापमान नाही. लिहा तिथं!