बाईनेच बाईला पाडलं म्हणे!

घरच्या ग्रुपवरचे बरेचसे फॉरवर्ड मी न वाचताच वर सरकवते. हाही सरकवला होता. पण रविवारी जेवताना आईने चष्मा कपाळावर ढकलला, मोबाईल नाकाशी धरला आणि तो मोठ्याने वाचायला घेतला. मग सुटका नव्हती.

मथळा : 'अमेरिकेच्या निवडणुकीचे पाच धडे'. खाली 'एका अमेरिकन प्राध्यापकाचे विश्लेषण'. या प्राध्यापकाला नाव नाही, विद्यापीठ नाही. वर मात्र 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा दोन बाणांचा शिक्का. मजकुराचं सार असं. एक, गरीब गोऱ्या कामगाराने पोटाकडे बघून ट्रम्पना निवडलं, वंशबिंश ही माध्यमांनी उठवलेली आवई. दोन, ओबामा दोनदा जिंकले म्हणजे वर्णद्वेष संपला. तीन, काळे लोक मात्र डोळे मिटून कातडीचा रंग बघून मत देतात. (दोन आणि तीन एकाच दमात खरे कसे असतील, हे त्या प्राध्यापकालाच ठाऊक.) चार, निम्म्याहून जास्त बायकांनी ट्रम्पना मत दिलं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन आणि २०२४ मध्ये कमला हॅरिस, दोघींना बायकांनीच पाडलं, कारण बाईच बाईची वैरी. पाच, सबब कुठल्याही शहाण्या पक्षाने बाईला उभं करण्याच्या फंदात पडू नये.

आई म्हणाली, "बघ, तिथेही तेच."

माझी भाची समोर बसली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने विचारलं, "आजी, मतदान गुप्त असतं ना? मग बायकांनी कुणाला मत दिलं हे यांना कळलं कसं?"

पाचही धड्यांपेक्षा हा प्रश्न शहाणा होता. तिथूनच सुरुवात करते, म्हणजे चौथ्या मुद्द्यापासून. सगळ्यात जास्त विष त्यातच आहे.

कळतं कसं, तर एक्झिट पोलवरून. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांपैकी काहींना थांबवून एक छापील प्रश्नावली देतात. नाव लिहायचं नाही. वय, वंश, शिक्षण, उत्पन्न, मत कुणाला, अशा खुणा करायच्या, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. पोस्टाने मत देणाऱ्यांना फोन करतात. म्हणजे हा अंदाज असतो, मतमोजणी नव्हे. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये ५२ टक्के गोऱ्या बायकांनी ट्रम्पना मत दिल्याचं आलं. फॉरवर्डचा सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे. फक्त हातोहाती पुढे जाताना 'गोऱ्या' हा शब्द गळून पडला आणि गोऱ्या बायकांच्या सगळ्या बायका झाल्या.

सगळ्या बायकांचा हिशेब उलटा आहे. त्याच एक्झिट पोलमध्ये ५४ टक्के बायका क्लिंटन यांच्याकडे होत्या. २०२४ मध्ये ५३ टक्के हॅरिस यांच्याकडे. काळ्या बायकांमध्ये तर दोन्ही वेळा दहापैकी नऊहून जास्त. प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने नंतर, कुणी खरोखर मतदान केलं होतं हे मतदारांच्या नोंदींशी ताडून पाहिलं, तेव्हा २०१६ मधला गोऱ्या बायकांचा तो ५२ चा आकडाही ४७ वर आला. क्लिंटन यांना ४५. म्हणजे जवळपास बरोबरी.

बरं, समजा ५२ च खरा. मग जरा मागे जाऊ. २००४ मध्ये ५५ टक्के गोऱ्या बायकांनी ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या बुशना मत दिलं. २००८ मध्ये ५३ टक्क्यांनी मॅकेनना, २०१२ मध्ये ५६ टक्क्यांनी रॉम्नींना. समोर क्लिंटन आणि हॅरिस यांच्याच डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार कोण होते? केरी, ओबामा आणि पुन्हा ओबामा. सगळे पुरुष. तेव्हा या बायका कुणाच्या वैरी होत्या? १९५२ पासून १९६४ आणि १९९६ ही दोन वर्षं सोडली, तर गोऱ्या बायकांचा कल रिपब्लिकन पक्षाकडेच राहिला आहे. क्लिंटन यांना त्यांच्यातली ४३ टक्के मतं मिळाली, आधीच्या खेपेला ओबामांना ४२ मिळाली होती. समोर बाई आली म्हणून यांनी पाठ फिरवली, असं म्हणायला या आकड्यांत जागाच नाही. त्या जिथे होत्या तिथेच राहिल्या.

आणि 'गोऱ्या बायका' हाही काही एक गठ्ठा नाही. २०१६ मध्ये पदवीधर गोऱ्या बायकांपैकी ५१ टक्के क्लिंटन यांच्याकडे, पदवी नसलेल्यांपैकी ६१ टक्के ट्रम्पकडे. घर, शिक्षण, चर्च, नवऱ्याचं राजकारण, वंश, वर्ग हे सगळं घेऊन बाई मतदान केंद्रात शिरते. तिने तिथे फक्त बाई म्हणून उभं राहावं ही अपेक्षा आपण पुरुषाकडून कधी करतो का? २०२४ मध्ये ५५ टक्के पुरुषांनी ट्रम्पना मत दिलं. 'पुरुषांनी बाईला पाडलं' असा फॉरवर्ड मला तरी अजून आलेला नाही.

पाचवा धडा याच मुद्द्याचं शेपूट आहे. त्याला एकटं मिशिगन राज्य पुरेसं आहे. २०१६ मध्ये क्लिंटन तिथे १०,७०४ मतांनी हरल्या. दोनच वर्षांनी त्याच राज्याने ग्रेचेन व्हिटमर यांना गव्हर्नर केलं, पुरुष उमेदवाराला नऊ टक्क्यांहून जास्त फरकाने हरवून. २०२२ मध्ये त्या पुन्हा जिंकल्या आणि तेव्हा तर दोन्ही प्रमुख उमेदवार बायकाच होत्या. २०२४ मध्ये हॅरिस मिशिगनमध्ये हरल्या. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर थोडं खाली सिनेटसाठी एलिसा स्लॉटकिन यांचं नाव होतं. त्या जिंकल्या. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये हॅरिस पडल्या आणि टॅमी बाल्डविन निवडून आल्या. म्हणजे वर ट्रम्पवर खूण करून खाली बाईवर खूण करणारे, किंवा खालचा रकाना कोरा सोडणारे मतदार होतेच. ज्यांना बाई म्हणून बाई चालत नाही, त्यांच्या राज्यात हे घडलं नसतं.

आता नाइलाजाने एक कबूल करते. बाई असणं आडवं येत नाही, असं मी म्हणत नाहीये. बायकांविषयी मनात अढी असणारे, आणि यात पुरुषांसोबत बायकाही आल्या, २०१६ मध्ये ट्रम्पकडे जास्त झुकले, हे अभ्यासांत दिसलं आहे. सिनेटर होणं वेगळं आणि सैन्यदलांचं सर्वोच्च पद असलेलं राष्ट्राध्यक्षपद वेगळं, हेही खरं. पण 'काही मतदारांच्या मनात अढी आहे' इथून 'बाईच बाईची वैरी' इथे उडी मारायला गणित लागत नाही, फक्त म्हण पाठ असावी लागते.

आता पोटाचा मुद्दा. हा ऐकायला सर्वांत सभ्य वाटतो, म्हणून लोकांना पटतो. २०१६ मध्ये वर्षाला ३०,००० डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांपैकी ५३ टक्के क्लिंटन यांच्याकडे होते. 'अर्थव्यवस्था हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न' असं सांगणाऱ्यांपैकी ५२ टक्केही त्यांच्याकडेच. म्हणजे 'पोटाने ट्रम्पना निवडलं' हे सरळसोट विधान पहिल्याच पायरीवर अडखळतं.

तरीही पोटाचा संबंध होता. कसा, ते डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न, गॉर्डन हॅन्सन आणि कावेह माजलेसी या चार अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये दाखवलं. यावर माझा सगळा भरवसा आहे, कारण याचा मुख्य आधार कुणाला मनातलं विचारण्यावर नाही. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. स्वस्त चिनी मालाचा लोंढा वाढला आणि अमेरिकेत फर्निचर, कापड, खेळणी बनवणाऱ्या कारखान्यांना त्याची झळ लागली. कुठल्या भागाला किती झळ, हे तिथे कोणते उद्योग होते यावरून मोजता येतं. या चौघांनी ती झळ मोजली आणि तिथल्या निवडणुकांचे निकाल तिच्याशेजारी ठेवले.

जिथे गोऱ्यांची बहुसंख्या होती, तिथे झळ बसल्यावर कट्टर उजवे रिपब्लिकन निवडून येण्याची शक्यता वाढली. जिथे काळे, लॅटिनो वगैरे मिळून बहुसंख्य होते, तिथे तशीच झळ बसल्यावर डावीकडे झुकलेले डेमोक्रॅट निवडून येण्याची शक्यता वाढली.

हे पुन्हा एकदा वाचा. चीन तोच, बंद पडलेला कारखाना तसाच, गेलेली नोकरी तशीच. एका वस्तीत लोक उजवीकडे गेले, दुसऱ्या वस्तीत डावीकडे. नुसतं पोट मत देत असतं, तर दोघं एकाच दिशेला गेले असते. नोकरी गेल्याचा राग सगळ्यांनाच येतो. तो राग सीमेवरून येणाऱ्या माणसावर काढायचा की कारखान्याच्या मालकावर, हे ठरताना आपण स्वतःला कोण समजतो ते मध्ये येतं. 'वंश की पैसा' असं विचारणाऱ्याला म्हणूनच उत्तर मिळत नाही. राज्यशास्त्राच्या अभ्यासक डायना मट्झ यांनी २०१८ मध्ये, २०१२ ला गाठलेल्या मतदारांनाच २०१६ मध्ये पुन्हा विचारून, ट्रम्पकडे वळण्यामागे पैशापेक्षा आपलं स्थान घसरण्याची भीती जास्त होती असं मांडलं. त्यावर समाजशास्त्रज्ञ स्टीफन मॉर्गन यांनी तीच आकडेवारी घेऊन सांगितलं की या दोन गोष्टी इतक्या सहज सुट्या होत नाहीत. माझा कल मॉर्गन यांच्याकडे आहे. पण 'वंशाचा काही संबंध नाही' असं या दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

दुसरा आणि तिसरा मुद्दा झटपट उरकते. ओबामा जिंकले, पण गोऱ्या मतदारांत त्यांना २००८ मध्ये ४३ आणि २०१२ मध्ये ३९ टक्के मतं होती. गोऱ्यांची बहुमताने मतं मिळवणारे शेवटचे डेमोक्रॅट उमेदवार म्हणजे १९६४ चे लिंडन जॉन्सन, आणि त्याच वर्षी त्यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली होती. हां, आयोवा राज्यातल्या हॉवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) २०१२ मध्ये ओबामांना २० हून जास्त टक्क्यांच्या फरकाने पुढे ठेवलं आणि २०१६ मध्ये ट्रम्पना तितक्याच दणक्यात. तिथे जवळजवळ सगळे गोरे. त्या प्रत्येकाला वर्णद्वेष्टा म्हणणं मूर्खपणा आहे, इतकं फॉरवर्डवाल्याला देऊन टाकते.

काळ्या मतदारांचं म्हणाल, तर २००४ मध्ये त्यांच्यातल्या ८८ टक्क्यांनी केरींना मत दिलं. केरी गोरे आहेत. २०२२ मध्ये जॉर्जियात सिनेटसाठी राफेल वॉर्नॉक आणि हर्शेल वॉकर उभे होते. दोघंही काळे. रंगच बघायचा तर मतं निम्मी निम्मी व्हायला हवी होती. काळ्या मतदारांपैकी सुमारे ९० टक्के वॉर्नॉक यांच्याकडे गेले. पक्ष कोणता आणि तो आपल्यासाठी काय करणार, हे बघायला त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

राहता राहिली २०२४ ची महागाई. इथे फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे, आणि हे लिहिताना मला मुळीच आनंद होत नाहीये. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. नंतर दर उतरला, पण चढलेल्या किमती उतरल्या नाहीत. २०२४ मध्येच ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष गेला, जपानमध्ये सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं. लॅटिनो मतदारांत हॅरिस यांची आघाडी, प्यूच्या पडताळणीत, जेमतेम तीन टक्क्यांवर आली. हे खिशाशिवाय समजत नाही.

पण खिसा तरी किती खरं बोलतो? २०१६ च्या निवडणुकीआधीच्या आठवड्यात गॅलप या सर्वेक्षण संस्थेने विचारलं, तेव्हा 'अर्थव्यवस्था सुधारतेय' असं म्हणणारे रिपब्लिकन १६ टक्के होते. निकाल लागला आणि तेच ४९ टक्के झाले. कारखाने तेच, पगार तोच, घरभाडं तेच. राष्ट्राध्यक्षही तेव्हा ओबामाच होते, ट्रम्प यांचा शपथविधी २० जानेवारीला होता.