चार बोटं डावीकडे

आमच्या घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत बाबा डावीकडे कललेले आहेत. माझ्या लग्नात, भावाच्या लग्नात, आधार कार्डावरसुद्धा. नागपुरात राहून माणूस डावीकडे झुकला की लोक चौकशी करतात. बाबांची कोणी केली नाही, कारण तो गृहस्थ आयुष्यभर नाकासमोर चालला. झुकण्याचं कारण मला कळलं ते त्यांची १९९६ची गाडी माझ्या गळ्यात पडल्यावर.

गाडीचं नाव सांगत नाही, म्हातारीची बदनामी नको. आरटीओ तिला पाच-पाच वर्षांची मुदतवाढ देतंय, यातच काय ते समजा. तर तिचं स्टिअरिंग सीटच्या समोर नाहीच. शेजारच्या सीटच्या कानात काहीतरी सांगायला निघालेलं असावं, तसं ते डावीकडे सरकलेलं आहे. पॅडल त्याच्याही डावीकडे. त्यामुळे वर्धा रोडला लागले की माझं नाक वर्धेकडे आणि गुडघे उमरेडकडे. स्पीडोमीटरचा काटा ४०च्या पुढे गेला की स्टिअरिंगच्या कडेआड लपतो, तो थेट ६०ला उगवतो. मधला वेग मी देवाच्या भरवशावर चालवते. आणि मे महिन्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, तापल्या रेक्झिनवर तिरपं बसलं की माणसाची एकाच बाजूनं भाजलेली भाकर होते.

आधी गेले कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्याकडे. त्यानं चाकांना चिमटे लावले, स्क्रीनवरचे लाल आकडे हिरवे केले. "गाडी एकदम सरळ आहे मॅडम," म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की वाकडं मग कोण, हे विचारायची सोय उरली नाही.

मग गणेशपेठेतला जुना मिस्त्री. त्यानं सीटच्या मधोमध सुतळी ताणली, तिथून स्टिअरिंगच्या नटापर्यंत बोटं मोजली. चार.

"मॅडम, हे बिघडलं नाही. कंपनीतूनच असं आलं."

"अहो, पण स्टिअरिंग एक दाता सरकवून बसवता येतं ना?"

"दाता सरकवला तं वरचं चाक फिरंल न. स्टिअरिंगची दांडी थोडीच सरकते?" मग त्यानं दार उघडून मला चक्क उकिडवं बसवलं आणि बॅटरीनं आत दाखवलं. अॅक्सिलरेटरच्या उजवीकडे, जिथे माझा पाय असायला हवा, तिथे पत्र्याचं एक टेंगूळ. "हे पुढच्या चाकाचं घर. गाडी लहान, तं चाक पायापाशी घुसून राह्यलं. त्याच्यापायी पॅडल गेले डावीकडे, पॅडलपाशी दांडी, तं ते बी गेली. सीट कुठं जाईन? इकडून दार, तिकडून हॅन्डब्रेक."

"मग करायचं काय?"

"तुम्ही सरका न."

पैसे घेतले नाहीत. उजव्या बाजूला उशी घ्या म्हणाला. ती घेतली, तर मी आणखीच डावीकडे ओतले गेले. व्हरायटी चौकात ब्रेक मारताच उशी निसटून क्लचखाली. मागच्या ऑटोवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या.

शाळा सदरला, म्हणजे रोजचा रस्ता झीरो माईलवरून. देशाचा मध्य आमच्या गावात आहे, हे आम्ही नागपूरकर पाहुणा चपला काढतो तोवर सांगून मोकळे होतो. (तिथल्या दगडावर जीटीएस, म्हणजे इंग्रजांच्या भूमापनाचं नाव, आणि १९०७ कोरलंय, तो खरं तर उंची मोजायच्या कामाचा. पण शेजारी चार घोड्यांचे पुतळे उभे असताना एवढं खोलात कोण जातो?) देशाचा मध्य असा डाव्या काचेतून दिसतो, आणि मी माझ्या गाडीच्या मध्यापासून चार बोटं बाजूला बसून तिथून जात आले. अकरा वर्षं.

परवा भाच्यानं नवी गाडी घेतली. कौतुकानं मला चालवायला दिली. त्यातलं स्टिअरिंग बरोब्बर छातीसमोर. मी सवयीनं जे वळून बसले, तर दहा मिनिटांत उजवी बरगडी धरली. "मावशी, तू माझ्याशी बोलत चालवतेयस का?" त्यानं घाबरून विचारलं.

गेल्या महिन्यात निवृत्त झाले. शाळेनं शाल-श्रीफळ दिलं, फोटोग्राफर आला.

"मॅडम, थोडं उजवीकडे."

मी सरकले.

"अजून थोडं. मान नाही, पूर्ण तुम्ही."

"अरे, सरळच तर बसले आहे!"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागच्या फळ्याकडे पाहिलं, आणि कॅमेराच तिरपा धरला. फोटोत मी अगदी सरळ आले आहे. मुख्याध्यापिका आणि फळा उजवीकडे पडायला आलेत.