येंगेनच्या पोरांना उगाच ‘चमत्कार’ ठरवू नका

रविवारी सकाळी टर्फवर फुटबॉल खेळणाऱ्या आमच्या ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी एक फॉरवर्ड पुन्हा उगवतो. सोबत हिरवे डोंगर आणि निळं पाणी असलेला फोटो. मजकुराचा गोषवारा असा: पॅसिफिक महासागरात अडीच हजार वस्तीचं एक बेट आहे. तिथे ना मैदान, ना पैसा, ना कोच. मासे पकडणाऱ्या पोरांनी नुसत्या जिद्दीवर न्यूझीलंडच्या तगड्या क्लबांना धूळ चारून ओशिनियाचा (म्हणजे न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांच्या विभागाचा) कप उचलला. मग लिव्हरपूल ज्या क्लब वर्ल्ड कपमध्ये होतं तिथे जाऊन कतारच्या कोट्यधीश, ‘आशियाच्या विजेत्या’ संघाला जवळजवळ लोळवलं. आणि शेवटी, ठरल्याप्रमाणे, 140 कोटींच्या देशाने लाज बाळगावी, कारण जिद्द असली की सुविधा लागत नाहीत. खाली हात जोडलेले इमोजी.

सांगाडा खरा आहे. क्लबचं नाव येंगेन स्पोर (फॉरवर्डमध्ये ‘हिएनघेने’ लिहिलंय, पण फ्रेंच स्पेलिंग पाहून कुणाचीही तशी गत होईल). 11 मे 2019 ला तो खरंच ओशिनियाचा विजेता झाला. पण सांगाड्यावर जे मांस चढवलंय ते बहुतेक सगळं उसनं आहे.

आधी ते ‘बेट’. येंगेन बेट नाही, गाव आहे. न्यू कॅलेडोनियाच्या ग्रांद तेर या मुख्य बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं. हे बेट सुमारे चारशे किलोमीटर लांब, आणि सगळा प्रदेश फ्रान्सच्या ताब्यातला, स्वतंत्र देश नव्हे. वस्तीचा आकडा मात्र बरोबर: येंगेन कम्यूनमध्ये, म्हणजे पालिकेच्या हद्दीत, अडीच हजारांच्या आत-बाहेर माणसं, तीही एका जागी नाहीत, खाडीपासून आत दऱ्याखोऱ्यांत कनाक या मूळनिवासी लोकांच्या वाड्या-वस्त्यांत विखुरलेली. खाडीत एक काळा कातळ उभा आहे, तो लांबून अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा दिसतो आणि तिथले लोक त्याला तेच म्हणतात. फॉरवर्डमधल्या फोटोत ती कोंबडी दिसत नाही, त्यामुळे फोटो तरी तिथला आहे का, याचीच मला शंका आहे.

‘पैसा नाही, सुविधा नाहीत’ या दाव्यावर जरा थांबायला हवं, कारण खरी गोष्ट इथे आहे आणि ती फॉरवर्डपेक्षा कितीतरी जास्त अंगावर येणारी आहे.

ज्याँ-मारी चिबाऊ हे कनाक स्वातंत्र्य चळवळीचे सर्वांत मोठे नेते याच येंगेनचे, आणि 1977 पासून येंगेनचे महापौर. 5 डिसेंबर 1984 च्या रात्री येंगेनच्या दरीत त्यांच्या वस्तीकडे परतणाऱ्या कनाकांच्या गाड्यांवर दबा धरून गोळीबार झाला. दहा माणसं मेली. त्यांत चिबाऊंचे दोन सख्खे भाऊ होते. गोळ्या झाडणारे 1987 मध्ये निर्दोष सुटले. त्या गाड्यांचे गंजलेले सांगाडे स्मारक म्हणून तिथेच रस्त्याकडेला ठेवलेले आहेत. एवढं होऊनही चिबाऊ 1988 च्या जूनमध्ये पॅरिसला वाटाघाटींना बसले आणि त्यांनी फ्रान्सशी मातिन्याँ करारावर, म्हणजे लगेच स्वातंत्र्य न देता प्रांतांना अधिकार देणाऱ्या करारावर, सही केली. पुढच्याच वर्षी, 4 मे 1989 ला, उवेआ बेटावर त्यांना गोळी घालून ठार केलं. मारणारा कनाकच होता. करार म्हणजे गद्दारी, असं त्याला वाटत होतं.

फुटबॉलशी याचा संबंध काय? त्या करारातून उत्तर प्रांत निर्माण झाला आणि तो कनाकांच्या हाती आला. तोवर निकेलच्या खाणींचा पैसा, रस्ते, दवाखाने, शाळा सगळं दक्षिणेत, नुमेआ या राजधानीभोवती साचलेलं होतं. करारानंतर उत्तरेकडे निधी वळवायचं धोरण ठरलं, दोन किनाऱ्यांना जोडणारा डोंगरातला रस्ता झाला, प्रांताचं स्वतःचं बजेट आलं. येंगेन स्पोर क्लब 1997 चा, म्हणजे या सगळ्यानंतरचा. पैसा आणि सुविधा नव्हत्या तेव्हा तिथे हा क्लबही नव्हता. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे एकदा शांतपणे वाचावं.

बाकी रचनेचं म्हणाल तर न्यू कॅलेडोनियाची फुटबॉल संघटना 1928 ची आहे आणि 2004 पासून फिफाची सदस्य. नुमेआत 1966, 1987 आणि 2011 असे तीनदा पॅसिफिक गेम्स झाले. ज्या न्यूमा-दाली स्टेडियमवर येंगेनने फायनल मारली ते काही नारळाच्या झावळ्यांखालचं मैदान नव्हे. शिवाय सागरापारच्या प्रदेशांतल्या क्लबांना फ्रेंच कपच्या सातव्या फेरीत प्रवेश मिळतो, म्हणजे इथला क्लब थेट फ्रान्समधल्या क्लबाशी भिडू शकतो. ही वाट आपल्याकडच्या कुठल्या जिल्हा लीगला आहे?

‘मासे पकडणारी पोरं’ या शब्दांत थोडं तथ्य आहे. खेळाडू हौशी होते, पोटापाण्याचा धंदा वेगळा, हे मान्य. पण हौशी म्हणजे नवखे नव्हेत. बर्त्रां काई याच क्लबचा. 2011 च्या पॅसिफिक गेम्समध्ये न्यू कॅलेडोनियाने सुवर्ण जिंकलं त्या संघात तो होता आणि त्या वर्षी ओशिनियाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. प्रशिक्षक फेलिक्स तागावा हे ताहितीचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. म्हणजे ‘ना कोच’ही गेलं. 1998 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघातला ख्रिस्तियां कारेंब्यू आठवतो? तो इथलाच, लिफू बेटावर जन्मलेला कनाक. पावणेतीन लाखांच्या आतली लोकसंख्या, म्हणजे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडच्या साधारण निम्मी, पण फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला.

आता ‘न्यूझीलंडच्या क्लबांना धूळ चारली’. 2006 मध्ये ऑस्ट्रेलिया आशियाच्या संघटनेत गेलं आणि तेव्हापासून ओशिनिया चॅम्पियन्स लीग ही न्यूझीलंडची घरची जहागीर झाली. 2019 पर्यंत ती मोडणारा एकच क्लब होता, 2010 चा पापुआ न्यू गिनीचा हेकारी युनायटेड. त्यामुळे 2019 चा निकाल मोठाच. फक्त फॉरवर्डमध्ये एक गोष्ट गाळलीय. त्या वर्षी उपांत्य फेरीत ऑकलंड सिटी आणि टीम वेलिंग्टन दोघेही हरले, तेही न्यू कॅलेडोनियाच्याच दोन वेगवेगळ्या क्लबांकडून. फायनल झाली येंगेन विरुद्ध नुमेआचा मॅजेंटा. एका प्रदेशाचे दोन क्लब फायनलला पोचतात तेव्हा तो एका गावाचा दैवी योग राहत नाही. तिथल्या लीगमध्ये दम आहे, एवढा साधा त्याचा अर्थ. फायनल 1-0 ने सुटली, गोल आंत्वान रोआनचा.

लिव्हरपूलबद्दल दोनच वाक्यं. येंगेनची त्यांच्याशी गाठ पडलीच नाही. दोघे एका स्पर्धेत होते, तसे लग्नाच्या हॉलमध्ये आपण आणि आमदारसाहेबही एकाच वेळी असतो.

दोहातला सामना मात्र खरोखर बघण्यासारखा झाला. 11 डिसेंबर 2019, समोर कतारचा अल सद्द, त्यांच्या डगआउटमध्ये कोच म्हणून स्पेनच्या विश्वविजेत्या संघातला स्वतः झावी. (अल सद्द ‘आशियाचा विजेता’ म्हणून आलेला नव्हता, हेही फॉरवर्डमध्ये चुकलंय. तो यजमान देशाचा लीग विजेता म्हणून होता. आशियाचा विजेता सौदी अरेबियाचा अल हिलाल.) 26 व्या मिनिटाला बगदाद बुनेजाहने गोल केला, तेव्हा पुढे काय होणार ते सगळ्यांनी गृहीत धरलं असेल. उत्तरार्ध सुरू होताच, 46 व्या मिनिटाला, पुन्हा तोच रोआन. 1-1. आणि 90 मिनिटं संपली तरी 1-1. जादा वेळेत अब्देलकरीम हसन आणि पेद्रो मिगेल यांनी गोल करून 3-1 केलं. पूर्णवेळ सराव करणाऱ्यांचे आणि कामधंदा सांभाळून खेळणाऱ्यांचे पाय शंभराव्या मिनिटाला सारखे चालत नाहीत. जिद्द तिथेही होतीच की. कमी पडला तो दम, आणि दम रोजच्या सरावातून येतो. सातव्या क्रमांकाचे पाच लाख डॉलर मिळाले. अडीच हजारांच्या गावाच्या क्लबासाठी ही रक्कम किती मोठी, ते सांगायला नको.

राहता राहिली आपली लाज. तेव्हा क्लब वर्ल्ड कपला जायचं तर आपल्याला आशिया जिंकावा लागायचा, त्यांना ओशिनिया. लोकसंख्या मोजून तिकीट मिळत नाही, त्यामुळे ही तुलनाच वाकडी. तुलना करायचीच असेल तर 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपची करा, तो आपल्याच देशात झाला. न्यू कॅलेडोनियाची पोरं गुवाहाटीत फ्रान्सकडून 7-1 ने हरली, होंडुरासकडून 5-0 ने. मग कोलकात्यात त्यांनी जपानला 1-1 असं रोखलं. आपण यजमान होतो, तिन्ही सामने हरलो. जिक्सन सिंगचा कोलंबियाविरुद्धचा एक गोल तेवढा पदरात पडला. लाजच वाटून घ्यायची तर इथे घ्या, पण मग ‘सुविधा लागत नाहीत’ हे वाक्य तरी खोडा.

आणि हे सगळं सांगणारा फॉरवर्ड 2019 लाच थांबतो. पुढे काय झालं? 2020 ची चॅम्पियन्स लीग कोविडमुळे रद्द झाली, म्हणजे येंगेनला आपला कप मैदानावर राखायची संधीसुद्धा मिळाली नाही. 2022 ते 2025 पुन्हा ऑकलंड सिटी, ओळीने. 2025 च्या मोठ्या क्लब वर्ल्ड कपसाठी आधीच्या चार वर्षांची कामगिरी धरली, त्यात 2019 बसतच नव्हतं. मे 2024 मध्ये मतदार यादीच्या प्रश्नावरून न्यू कॅलेडोनिया पेटलं, नुमेआत जाळपोळ झाली, माणसं मेली. जानेवारी 2026 मध्ये ओशिनियाची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली. आठ संघ. फिजी आहे, सॉलोमन आहे, ताहिती आहे, वानुआतू आहे, पापुआ न्यू गिनीचा हेकारीसुद्धा आहे. न्यू कॅलेडोनियाचा एकही नाही.