२५२० 'एकमेव' नाही, आणि ती रामानुजन यांनी 'शोधलेली'ही नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. त्यात म्हटलंय की १ ते १० मधल्या प्रत्येक संख्येने नि:शेष भाग जाणारी जगातली एकमेव संख्या म्हणजे २५२०. ती रामानुजन यांनी शोधली आणि तिचं गूढ आठवड्याचे ७ वार × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने यात दडलंय. यातलं गणित बरोबर आहे, दावे नाहीत.

आधी 'एकमेव' घेऊ. २५२० ची दुप्पट करा: ५०४०. तिलाही १ ते १० ने भाग जातो. तिप्पट ७५६०, तिलाही जातो. एक लाखाच्या आत अशा ३९ संख्या आहेत, आणि पुढे त्यांना अंत नाही. २५२० ही त्यातली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि. शाळेत काढतो तसाच काढा: ८ साठी तीन वेळा २, ९ साठी दोन वेळा ३, शिवाय एक ५ आणि एक ७. ४, ६ आणि १० त्यातच आले. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. संपलं.

शोधाचं श्रेयही चुकीचं. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'लॉज' (Laws, म्हणजे कायदे) या संवादात आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबं सुचवली, आणि कारण दिलं की या संख्येला १ ते १० या सगळ्यांनी भाग जातो. रामानुजन त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी जन्मले.

वार-दिवस-महिन्यांचं म्हणाल, तर ३० × १२ = ३६०. ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. ७ ने गुणलं की ती उणीव भरून निघते. यात गूढ काही नाही, आणि सगळे महिने ३० दिवसांचे नसतातच.

मला खरी खंत वेगळीच आहे. या मेसेजमुळे रामानुजन यांचं खरं काम झाकलं जातं. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये मोठा शोधनिबंध लिहिला. त्याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. २५२० तशीच एक संख्या आहे, ४८ विभाजकांची. पण त्यांनी अशा सगळ्या संख्यांची घडण उलगडली. अशा संख्येचे मूळ अवयव पाडले की अवयव जसजसा मोठा होत जातो, तसा त्याचा घातांक (तो किती वेळा येतो) कधीच वाढत नाही. आणि शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या मूळ अवयवाचा घातांक नेहमी १, अपवाद फक्त ४ आणि ३६. हे त्यांनी सिद्ध केलं. त्यांची यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, म्हणजे पावणेसात लाख कोटींच्या आसपास. या शेवटच्या संख्येला १०,०८० विभाजक आहेत. संगणक नसलेल्या काळातल्या त्या यादीत एकच संख्या सुटली: २,९३,३१,८६,२५,६००. शेवटच्या संख्येला २३ ने भागलं की ती मिळते.