रिलेतला मधला बाक

रजिस्टरात नाव, मोबाइल नंबर, गाडी नंबर (गाडी नव्हती, तरी रकाना भरायला लावला) असं सगळं लिहून झाल्यावर विद्यापीठाच्या रखवालदाराने मला आंब्याखालच्या बाकाकडे पिटाळलं. मुलगी शाळेच्या टीमबरोबर आत गेली, गणिताच्या सांघिक स्पर्धेला. पालकांना आत प्रवेश नाही. ठीक.

बाकावर फोंड्याचे एक गृहस्थ आधीच ऐसपैस बसले होते. मांडीवर थर्मास, आणि थर्मासाखाली मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका. लॅमिनेट केलेली! लग्नपत्रिका लॅमिनेट करणारे मी पाहिलेत, प्रश्नपत्रिका करणारा हा पहिलाच.

“आता रिले सुरू होईल,” ते म्हणाले. “तुमची कितव्या बाकावर?”

“मधल्या.”

“अरेरे.”

आत्ता तुम्हीच सांगा, ओळखपाळख नसलेल्या माणसाला कुणी ‘अरेरे’ म्हणतं का? मी काही बोललो नाही. पण गप्प राहणाऱ्याला समजावून सांगण्यातच अशा माणसांना खरा आनंद मिळतो.

“त्याचं कसं असतं बघा बाब. पहिल्या बाकावर न चुकणारा बसवायचा. शेवटच्या बाकावर हुशार. मध्ये काय, जो उरतो तो.”

त्यांचा मुलगा शेवटच्या बाकावर होता, हे मी विचारायच्या आधीच कळलं.

मग त्यांनी लॅमिनेशनवर बोट फिरवत उदाहरण दिलं. पहिल्याला प्रश्न: २० पेक्षा लहान मूळ संख्या किती? उत्तर ८. तो चिठ्ठीवर ८ लिहून मागे देतो. मधल्याच्या कागदावर असतं: मिळालेल्या आकड्याइतक्या बाजूंच्या बहुभुजाकृतीला कर्ण किती? आठ गुणिले पाच भागिले दोन, म्हणजे २०. ती चिठ्ठी शेवटच्याकडे. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, आणि गुण फक्त शेवटच्याच्या उत्तराला.

“आणि पहिल्याने १ पण मूळ संख्येत धरला तर?” मी विचारलं.

“मग त्याचे ९. मधल्याचे कर्ण २७. सगळं गेलं.”

“म्हणजे मधलीने हिशेब बरोबर केला तरी शून्य?”

“म्हणून तर म्हटलं, अरेरे.”

हे मात्र मला खरंच झोंबलं. पुढच्याने घोळ घालायचा, मधल्याने तो प्रामाणिकपणे गुणायचा-भागायचा, आणि मागच्याने हुशार म्हणून मिरवायचं! आमच्या ऑफिसात फाइली अशाच फिरतात, पण तिथे निदान पगार तरी मिळतो. नववीतल्या पोरीला हे आत्ताच शिकवायची काय घाई होती?

गृहस्थांचा भाचा अमेरिकेत. (असणारच.) तिकडे म्हणे १९७६ पासून आर्मल नावाची स्पर्धा आहे, १५ जणांचा संघ, रिलेला तिघातिघांचे गट. ३ मिनिटांत बरोबर उत्तर दिलं तर ५ गुण, ६ मिनिटांत दिलं तर ३. हे सांगताना त्यांनी घड्याळ काढून माझ्या चहा पिण्याची वेळ मोजली. चहा कॅन्टीनचा होता, माझ्या पैशांचा. थर्मासातला त्यांनी विचारलासुद्धा नाही.

“शेवटी गणित आपल्या गोव्याच्या मातीतच आहे,” ते म्हणाले. “दामोदर कोसंबी बघा!”

गणिती आणि इतिहासकार कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले हे खरं. पण शिकले पुण्यात आणि अमेरिकेत, हार्वर्डहून १९२९ साली पदवी घेतली. पुढे मुंबईच्या टाटा संस्थेत नोकरी, त्यासाठी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा. जुनी नाणी एकेक करून तोलली, झिजेवरून त्यांचा काळ ताडला. मातीचा वाटा एवढाच की तिने त्यांना वेळेत बाहेर जाऊ दिलं. हे मी बोलून दाखवलं. गृहस्थ म्हणाले, “तेच तर मी म्हणतोय.”

मुलगी बाहेर आली ती मिरची भजी मागतच. मध्ये का बसलीस, असं मी तिला विचारलं नाही. निकालाबद्दल काही लिहीत नाही. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी ‘गणिताला घाबरू नका’ हे इतका वेळ सांगितलं की न घाबरणारेही कंटाळून घाबरले.

निघताना गृहस्थांनी रखवालदाराच्या रजिस्टरातून पालकांचे नंबर उतरवून घेतले आणि ग्रुप काढला. आज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली कोडं: १ ते १०० सगळे आकडे गुणले तर शेवटी शून्यं किती?

उत्तर २४. पाचाने भाग जाणारे २०, आणि २५, ५०, ७५, १०० यांचा एकेक पाच जादा. मला आंघोळीच्या आधीच आलं होतं. पण पाठवणार नाही. पाठवलं तर ते अंगठा टाकतील आणि खाली लिहितील, “शाब्बास! मधल्यांनाही येतं म्हणायचं!”