सापाला दूध

आमच्या लातूरकडच्या भावंडांच्या ग्रुपवर 'सापाला दूध पाजलं' हे वाक्य फिरतंय. २०२५च्या मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं बंद केली तेव्हापासून. दूध म्हणजे 'ऑपरेशन दोस्त'. ६ फेब्रुवारी २०२३ला तुर्कस्तानात ७.८चा भूकंप झाला, आपल्या लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलची ९९ माणसं गेली आणि इस्कंदरूनला ३० खाटांचा दवाखाना थाटला. पुढे तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली. म्हणून तिथे घातलेले टाके दादाला आता वसूल करायचेत.

सफरचंदं नका खाऊ, खुशाल. पण ढिगाऱ्याखालून काढलेल्या बाईला आधी परराष्ट्र धोरण विचारायचं का? आणि हे कोण म्हणतंय, तर किल्लारीनंतरच्या पुनर्वसनातल्या घरात राहणारा दादा! ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजत आलेले, आदल्याच दिवशी गणपती बुडवलेले. त्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. तेव्हा दूध कुणी कुणाला पाजलं?

इथे तोक्योत बसून हे वाचताना राग येतो आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटतं. आपण त्यातले नाही असं. १ सप्टेंबरला मी चोनाइकाईच्या, म्हणजे आमच्या गल्लीच्या मंडळाच्या, भूकंपाच्या कवायतीला जातो, अल्फा-माई (पाणी घातलं की तयार होणारा कोरडा भात) खातो, घरी येतो.

जपानलाही हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. १९९५ला कोबेच्या भूकंपात सहा हजारांवर माणसं गेली. स्वित्झर्लंडची शोधकुत्री मदतीला आली तर आधी क्वारंटाइनचा घोळ. परदेशी डॉक्टर येतो म्हणाले तर त्यांच्याकडे जपानी परवाना नाही. मदत घ्यायचीही तयारी लागते, हे तेव्हा कळलं. त्याच भूकंपाच्या धड्यातून २००५ला डीमॅट आलं (शेअर बाजारातलं नव्हे, आपत्तीत धावणारी डॉक्टर-नर्सची पथकं). आपल्याकडे या बाबतीत ताठाच जास्त. २००४च्या त्सुनामीत परदेशी मदत नको म्हणालो, २०१८ला केरळ बुडालं तेव्हाही नकोच.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो एक साधा तक्ता. छावणीतल्या डॉक्टरनं रुग्ण तपासला की खूण करायची आणि दिवसाअखेर बेरीज कळवायची: जुलाब किती, जखमा किती, गरोदर बायका किती. साथ कुठे उठतेय ते त्यावरून कळतं. मूळ पद्धत फिलिपिन्सची. जपाननं तिचं जे-स्पीड केलं आणि २०१६ला कुमामोतोच्या भूकंपात वापरलं. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांसाठी एकच तक्ता ठरवला आणि २०१९च्या इदाई चक्रीवादळात तो मोझांबिकमध्ये कामी आला. यात साप कोण, सांगा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर इथल्या किनाऱ्यावरच्या ओनागावा गावाचंही लिहिलं. २०११च्या त्सुनामीनंतर आपल्या एनडीआरएफचे ४६ जण तिथे आले होते, त्यांची परदेशातली पहिली मोहीम. बर्फात, चिखलात उतरून प्रेतं शोधत होते. एवढं लिहून थांबलो.

कारण ते मी पाहिलं ते लातूरच्या घरी, टीव्हीवर, मांडीवर वरणभाताचं ताट घेऊन. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या बातम्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी मी विमान गाठलं होतं. ऑफिसात सांगितलं, आईला बरं नाही. आई ठणठणीत होती, ताक घुसळत होती. आपल्याकडची माणसं इकडे यायला निघाली आणि मी उलटा तिकडे. एप्रिलात परतलो तर शेजारच्या आजींनी माझ्या तुळशीला पाणी घातलेलं. 'ओकाएरी', म्हणजे 'आलास घरी', एवढंच म्हणाल्या, बाकी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दादाचं उत्तर रात्री आलं. 'तू तर तेव्हा पळून आला होतास ना रे?'

त्याला माहीत असणारच. लातूर स्टेशनवर मला घ्यायला तोच आला होता.